घरी इंजिन ऑइल बदलल्यावर गाडीखाली तेल ठिबकतंय? बोल्ट आवळण्याआधी हे तपासा

इंजिन ऑइल बदलणं हे घरच्या घरी करण्यासारखं सगळ्यात सोपं काम समजलं जातं. एक बोल्ट सोडवायचा, एक फिल्टर बदलायचा, तीन-चार लिटर ऑइल ओतायचं. काम होतं, गाडी सुरू होते, आणि दुसऱ्या दिवशी गाडी काढली की जमिनीवर तळहाताएवढा तेलकट डाग दिसतो.

डाग दिसला की हात आपोआप पान्याकडे जातो. जुनं ऑइल काढायचा ड्रेन बोल्ट पाव फेरा आवळला जातो. थेंब थांबत नाही म्हणून आणखी पाव फेरा. तिसऱ्या खेपेला बोल्ट अचानक हलका फिरायला लागतो, म्हणजे चेंबरचे (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याचे) आटे गेले. आता साध्या वायसरने भागणारं काम आटे नवीन पाडण्यावर किंवा अख्ख्या चेंबरवर येतं. चेंबर बऱ्याच गाड्यांत अ‍ॅल्युमिनियमचा आणि बोल्ट पोलादाचा असतो. जोर जास्त झाला की हार चेंबरचीच होते. म्हणून खाली दिलेला क्रम पाळा. पाना बऱ्याच उशिरा हातात घ्यायचा आहे.

लक्षणं

ऑइल बदलल्यापासून पुढच्या चार-आठ दिवसांत यातलं काही दिसलं तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे:

- रात्रभर उभ्या गाडीखाली इंजिनच्या बाजूला थेंब किंवा डाग.
- गाडी चालवून थांबल्यावर करपल्यासारखा तेलकट वास, कधी बॉनेटच्या फटीतून बारीक धूर.
- डिपस्टिकवर (ऑइलची लेव्हल मोजायच्या पट्टीवर) ऑइल दर दोन-तीन दिवसांनी थोडं खाली.
- इंजिनच्या खालच्या प्लास्टिक कव्हरच्या कडेला ओल.
- सकाळी पहिल्यांदा सुरू करताना जास्त ठिबकणं, नंतर कमी होणं.
- डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीसारखं लाल चिन्ह.

शेवटचं लक्षण बाकीच्यांच्या पंगतीत बसत नाही. लाल किटली म्हणजे इंजिनमधला ऑइलचा दाब गेला. चालू गाडीत ती पेटली तर सुरक्षित जागा बघून लगेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि पुन्हा सुरू करू नका. 'घर दोनच किलोमीटरवर आहे' हा हिशेब इथे चालत नाही. क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) बेअरिंगमध्ये धातू आणि धातू यांच्यामध्ये फक्त ऑइलचा पातळ थर असतो. तो गेला की बेअरिंग खराब व्हायला काही मिनिटं पुरतात. गाडी टो करून न्या. (काही गाड्यांत ऑइल कमी झाल्याचं पिवळं चिन्ह वेगळं असतं. ते दिसलं तर थांबून लेव्हल बघायची आणि भरायची, तेवढं पुरतं.)

ते इंजिन ऑइलच आहे का?

फुकटातली तपासणी. गाडी सपाट जागी लावा, इंजिनखाली मोठा, कोरा, फिक्या रंगाचा पुठ्ठा सरकवा. पुढच्या दोन्ही चाकांची जागा त्यावर पेनने आखून ठेवा, म्हणजे सकाळी थेंब नेमका कुठल्या भागाखाली पडला ते कळेल. पुठ्ठा रात्रभर तसाच राहू द्या.

सकाळी रंग बघा, बोटावर घेऊन चोळा. नवीन इंजिन ऑइल मधासारखं सोनेरी आणि गुळगुळीत असतं. डिझेल गाडीत मात्र नवीन ऑइलही थोडं चालल्यावर काळं पडतं, तेव्हा काळा रंग बघून 'हे जुनं असणार' असं समजू नका. रंग नसलेलं पाणी असेल तर ते एसीचं आहे, विषय संपला. हिरवं, गुलाबी किंवा निळसर आणि पाण्यासारखं असेल तर कूलंट. लाल आणि तेलकट असेल तर बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं. फिकट पिवळसर, पातळ आणि चाकाच्या आतल्या बाजूला पडलेलं असेल तर ब्रेक ऑइल असू शकतं. तसं वाटलं तर गाडी अजिबात हलवू नका, मेकॅनिकला जागेवर बोलवा.

पुठ्ठ्याचा दुसरा उपयोग म्हणजे गळतीचा अंदाज. एका मिलिलिटरमध्ये ढोबळमानाने २० ते ३० थेंब बसतात. मिनिटाला एक थेंब म्हणजे दिवसाला साधारण ५० ते ७० मिलिलिटर, आणि दोन-तीन आठवड्यांत एक लिटर. रात्रभरात चार-पाच टिपके एवढंच असेल तर घाबरायचं कारण नाही, शांतपणे शोधायला वेळ आहे. पुठ्ठ्यावर थारोळं असेल तर शोधमोहीम तिथेच थांबवा.

लेव्हल: कमी आणि जास्त, दोन्ही बघा

गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच ते दहा मिनिटं झालेली. डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढून वाचा. रॅम्पवर किंवा एका बाजूने जॅकवर असलेल्या गाडीत घेतलेलं माप खोटं असतं. ऑइल बदलताना गाडी पुढून उचललेली असते, त्याच अवस्थेत मोजून भरलं की हमखास चूक होते.

पहिल्यांदा इंजिन सुरू केल्यावर लेव्हल थोडी खाली येते, कारण रिकामा फिल्टर २०० ते ४०० मिलिलिटर ऑइल पिऊन घेतो. ही गळती नव्हे. भरून घ्या आणि दुसऱ्या दिवशी परत बघा.

आता उलटी बाजू. वरच्या खुणेच्या बरंच वर ऑइल असेल तर तेही गळतीचं कारण होतं. फिरणारा क्रँक ऑइलवर आपटून त्याचा फेस करतो. फेसाळलेलं ऑइल पंपाला नीट ओढता येत नाही, आत वाफ आणि दाब वाढतो, आणि ब्रीदरच्या (इंजिनमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून किंवा एखाद्या जुन्या सीलमधून ऑइल बाहेर ढकललं जातं. बहुतेक गाड्यांत डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचं अंतर असतं, त्यावरून किती जास्त झालं याचा अंदाज येतो. जादा ऑइल काढायला ड्रेन बोल्ट उघडायची गरज नाही. डिपस्टिकच्या भोकातून बारीक प्लास्टिकची नळी घालून मोठ्या सिरिंजने ओढून घ्या.

लेव्हल खूपच वर, जवळजवळ दुप्पट ऑइल असल्यासारखी दिसत असेल तर एक गंभीर शक्यता तपासा: तुम्ही इंजिनचा बोल्ट समजून गिअरबॉक्सचा बोल्ट उघडला. हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही. काही गाड्यांत दोन्ही बोल्ट हातभर अंतरावर असतात आणि एकमेकांसारखे दिसतात. त्या वेळी निघालेलं ऑइल आठवा. इंजिनचं वापरलेलं ऑइल काळपट असतं. निघालेलं लालसर किंवा बऱ्यापैकी स्वच्छ असेल तर गिअरबॉक्स रिकामा आहे आणि इंजिनमध्ये जुनं अधिक नवं असं दुप्पट ऑइल आहे. अशी गाडी अंगणातल्या अंगणातसुद्धा हलवायची नाही. इथे घरगुती काम संपलं. गाडी चारही चाकं वर घेऊन न्यावी लागेल.

सांडलेलं ऑइल आणि गळणारं ऑइल

याचा सगळ्यात जास्त घोळ होतो. फिल्टर सोडवताना अर्धा कप ऑइल हमखास सांडतं. ते इंजिनवरून ओघळत क्रॉसमेंबरच्या (इंजिनखालच्या आडव्या पट्टीच्या) खोबणीत आणि खालच्या कव्हरमध्ये साठतं. नंतर गाडी वळणावर कलली, ब्रेक लागला, उष्णतेने पातळ झालं की थोडं थोडं बाहेर येतं. दोन-तीन दिवस, कव्हर मोठं असेल तर आठवडाभरही. काही गळत नसताना माणूस बोल्ट पिळत बसतो.

ओतताना नरसाळ्याबाहेर गेलेलं ऑइल एक्झॉस्टवर पडलं असेल तर पहिली पंधरा-वीस मिनिटं धूर आणि वास येतो. तो जळून संपला आणि पुन्हा आला नाही तर काळजी नाही. रोज येत असेल तर कुठून तरी ताजं ऑइल तिथे पोचतंय. गरम एक्झॉस्टवर ऑइल पेटू शकतं, त्यामुळे अशी गाडी चालवू नका. काम करताना इंजिनवर ठेवलेलं फडकं आत राहिलं नाही ना, तेही बघून घ्या.

उपाय असा: इंजिन पूर्ण थंड असताना खालचं कव्हर काढा आणि साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडं करा. फिल्टरचा भाग, चेंबर, ड्रेन बोल्ट आणि आजूबाजूच्या खोबणी डिग्रीझरने किंवा ब्रेक क्लीनरने स्वच्छ पुसून घ्या. ब्रेक क्लीनर पेट घेतो, म्हणून इंजिन थंड आणि जागा हवेशीर असायला हवी. अल्टरनेटर, बेल्ट आणि वायरींच्या जोडांवर फवारा मारू नका.

पुसून कोरडं झालं की फिल्टरभोवती आणि बोल्टभोवती टाल्कम पावडर भुरभुरा. पावडरीच्या पांढऱ्या थरावर ऑइलची रेघ लख्ख दिसते. वरच्या टोकापासून खाली कुठे ओघळ गेला तेही कळतं. वारा ऑइलला मागे उडवतो, त्यामुळे थेंब पडतो ती जागा आणि गळती होते ती जागा एकच असेल असं नाही. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची, उगम तिथे असतो.

बॉनेट उघडून दोन मिनिटांचं काम

खाली जाण्याआधी वरचं बघा. ऑइलचं झाकण पूर्ण फिरवून बसलंय का, त्याची रबरी रिंग जागेवर आहे का? झाकण इंजिनवर ठेवून विसरलं असेल तर वरचा सगळा भाग ऑइलने न्हालेला दिसेल. डिपस्टिक शेवटपर्यंत दाबली आहे का? अर्धवट राहिली तर तिथूनही तेलकट वाफ बाहेर पडते आणि नळीवरून ओघळ खाली चेंबरपर्यंत पोचतो.

मुख्य परीक्षा: इंजिन बंद असताना गळतं की चालू असताना?

या एका प्रश्नाने निम्मं काम होतं. चेंबरमधलं ऑइल नुसतं साठलेलं असतं, त्यावर पंपाचा दाब नसतो. तिथली गळती, म्हणजे ड्रेन बोल्टची किंवा चेंबरच्या जोडाची, इंजिन बंद असतानाही संथपणे चालू राहते. फिल्टर मात्र पंपाच्या नंतर येतो, त्यात ऑइल दाबाने जातं. तिथे गरम इंजिन जागेवर चालू असताना दाब कमी असतो, रेस दिली की तीन ते पाच बारपर्यंत जातो. टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त. त्यामुळे फिल्टरची गळती इंजिन चालू असताना जोरात असते आणि बंद केल्यावर थोड्या वेळात थांबते. सकाळी थंड ऑइल घट्ट असतं, दाब सगळ्यात जास्त असतो, म्हणून तेव्हा जास्त गळतं आणि गरम झाल्यावर कमी होतं.

करायचं असं: पुसलेल्या, पावडर लावलेल्या इंजिनखाली नवीन पुठ्ठा ठेवा. इंजिन सुरू न करता एक तास थांबा. बोल्टच्या टोकाला थेंब लटकलेला दिसला तर गळती खालची. काहीच नसेल तर कोणालातरी इंजिन सुरू करायला सांगा आणि तुम्ही बाजूने, गाडीखाली न शिरता, टॉर्चने फिल्टरकडे बघा. पहिली ३० सेकंदं महत्त्वाची. ऑइल सुरू होताच हाताने इशारा करा, इंजिन लगेच बंद. धार लागली असेल तर काही मिनिटांत चेंबर रिकामा होऊ शकतो.

गाडीखाली जाण्याआधी

पुढच्या दोन तपासण्यांना खाली जावं लागतं. जॅक उचलण्यासाठी असतो, त्याच्या भरवशावर खाली झोपायचं नसतं. सपाट आणि टणक जमीन, हँडब्रेक, मागच्या चाकांना ठोकळे, गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागी जॅक, आणि भार दोन जॅक स्टँडवर. स्टँडवर ठेवल्यावर गाडी हाताने ढकलून बघा, हलली तर पुन्हा बसवा. स्टँड नसतील तर हे काम घरी करू नका. विटा, दगड, स्टेपनी यांवर गाडी ठेवून खाली जाणं जिवावर बेतू शकतं.

जॅक चेंबरखाली लावू नका. चेंबरला पोचा आला तर आतल्या ऑइल ओढणाऱ्या नळीचं तोंड दबतं, अ‍ॅल्युमिनियमचा चेंबर असेल तर तडा जातो. मागच्या वेळी जॅक तिथे लावला होता अशी शंका असेल तर आधी चेंबरचा तळ टॉर्चने बघा.

इंजिन थंड असू द्या. गरम ऑइलने हात भाजतो. नायट्राइलचे हातमोजे घाला, वापरलेलं इंजिन ऑइल कातडीला लागत राहणं आरोग्याला चांगलं नाही.

फिल्टर

आधी हाताने फिरवून बघा. हलका फिरला तर तो सैल राहिला होता. डबा फिल्टर घट्ट करायची रीत ठरलेली आहे: रबरी रिंग इंजिनला टेकेपर्यंत हाताने, आणि तिथून साधारण पाऊण फेरा, तोही हातानेच. नेमका फेरा बहुतेक फिल्टरच्या डब्यावर छापलेला असतो, तो पाळा. फिल्टरचा पाना सोडवण्यासाठी असतो. त्याने आवळलं की रिंग चपटी होते, कधी डब्याला पोचा येतो, आणि पुढच्या वेळी तो निघत नाही.

घट्ट आहे पण रिंगेच्या कडेने ऑइल येतंय? मग फिल्टर काढायचा. आणखी आवळून बघू नका. खाली भांडं धरा, कारण पुन्हा अर्धा कप सांडणार. काढल्यावर या गोष्टी बघा.

पहिली आणि सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे जुन्या फिल्टरची रिंग इंजिनलाच चिकटून राहिलेली असणं. ती उष्णतेने चपटी, काळी आणि काजळीसारखी झालेली असते. वरवर बघितलं तर इंजिनचाच भाग वाटते. नवीन फिल्टर तिच्यावर बसतो, एकावर एक दोन रिंगा होतात, सुरुवातीला जेमतेम धरतात, आणि दाब वाढला की एक रिंग बाहेर फेकली जाते. तिथून ऑइल फवाऱ्यासारखं जातं. ओळखायचं असं: इंजिनवरची बैठक फडक्याने पुसा आणि पूर्ण गोल फिरवत नख लावा. धातूवर नख सरकतं, रबरात रुततं. पुढच्या वेळेसाठी सवय अशी की जुना फिल्टर काढला की लगेच उलटा करून त्याच्या तोंडाची खोबण बघायची. रिंग त्यात असायला हवी.

दुसरं म्हणजे रिंगेला ऑइल न लावता बसवलेला फिल्टर. कोरडी रिंग फिरताना घासते, वळ्या पडतात किंवा खोबणीतून बाहेर येते. अशी रिंग पुन्हा वापरू नका, फिल्टर नवीन घ्या आणि बोटाने रिंगेवर नवीन ऑइलचा पातळ हात फिरवा. बैठकीवर माती किंवा फडक्याचे दोरे असतील तर तेही पुसून घ्या.

तिसरं, फिल्टर चुकीचा. आकाराने सारखे दिसणारे फिल्टर आट्यांनी वेगळे असतात. एम २० आणि पाऊण इंच ही दोन मापं हमखास गोंधळ करतात: पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. २० मिलिमीटरचा फिल्टर १९.०५ च्या खुंटीवर चढतो, पण ढिला बसतो, आणि दाबाखाली कधीही सुटू शकतो. बसवताना फिल्टर डुगडुगत असेल तर तो आपल्या गाडीचा नाही. जुना आणि नवा शेजारी ठेवून रिंगेचा व्यासही जुळवून बघा.

तुमच्या गाडीत डब्याऐवजी कागदी फिल्टर आणि प्लास्टिकचं झाकण असेल तर गळतीचं मूळ जवळजवळ नेहमी झाकणाच्या ओ-रिंगेत असतं. झाकणावर एकापेक्षा जास्त खोबणी दिसतात, आणि रिंग शेजारच्या खोबणीत बसवली की झाकण घट्ट लागूनही ऑइल येतं. जुनी रिंग काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवला की हा प्रश्न येत नाही. नवीन रिंग सहसा फिल्टरच्या खोक्यातच असते, ती वापरा. झाकणावर बहुतेक वेळा न्यूटन-मीटरचा (किती जोराने आवळायचं त्याचा) आकडा कोरलेला असतो, २५ हा नेहमीचा. प्लास्टिक आहे, जोर लावला की तडकतं.

ड्रेन बोल्ट

इथे आल्यावर सगळ्यात आधी टॉर्क पान्यावर (ठरवलेला जोर झाला की 'टक्' करणाऱ्या पान्यावर) पुस्तिकेतला आकडा लावा. छोट्या-मध्यम गाड्यांत तो बहुधा २५ ते ४५ न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. बोल्ट न हलताच पान्याने 'टक्' केलं तर बोल्ट पुरेसा घट्ट आहे. तिथे हात थांबवायचा. पुरेशा घट्ट बोल्टमधून ऑइल येतंय म्हणजे दोष वायसरचा किंवा बैठकीचा आहे आणि आवळून तो जाणार नाही. बोल्ट थोडा फिरून मग 'टक्' झालं तर तो सैल होता. पुसा आणि पुठ्ठा ठेवून रात्रभर बघा.

आकड्याचा अंदाज यावा म्हणून: ४० न्यूटन-मीटर म्हणजे २० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला साधारण २० किलोचा जोर. मनगटाची नेटकी ओढ, एवढंच. पान्याला पाइप लावून लांबी ४० सेंटिमीटर केली आणि ६० किलोचा भार दिला तर तोच बोल्ट जवळजवळ २४० न्यूटन-मीटर खातो, म्हणजे सहापट. आटे असेच जातात.

बोल्टचे आटे ऑइल अडवत नाहीत हे लक्षात घेतलं की बाकीचं सोपं होतं. ऑइल अडवतो तो वायसर. तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वायसर बोल्टखाली थोडा चेपतो आणि दोन्ही बाजूंच्या बारीक खाचा भरून काढतो. एकदा चेपलेला वायसर दुसऱ्यांदा तेवढा चेपत नाही. म्हणून दर वेळी नवीन घालायचा. काही गाड्यांत वायसर बोल्टलाच जोडलेला असतो, तिथे सगळा बोल्ट बदलतात. आणि टेफ्लॉन टेप किंवा सिलिकॉन गॅस्केट आट्यांना लावून गळती थांबत नाही, कारण सील तिथे होतच नाही. उलट टेपचे तुकडे आणि सिलिकॉनचे गोळे आत पडून पंपाच्या जाळीवर बसतात.

वायसर बदलायला ऑइल काढावं लागेल. ते नवीनच आहे, फेकायचं कारण नाही: धुऊन पूर्ण कोरड्या केलेल्या भांड्यात घ्या, झाकून ठेवा, परत भरा. बोल्ट काढला की त्याला जुना वायसर आहे का ते बघा. नसेल तर तो चेंबरला चिकटलेला असतो. फिल्टरच्या रिंगेसारखाच प्रकार, जुन्यावर नवा बसून दोन वायसर झालेले. नखाने किंवा लाकडी काडीने काढा, स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, कारण बैठकीवर ओरखडा पडला की तिथूनच ऑइल यायला लागतं. काही पोकळ वायसरना सुलटी-उलटी बाजू असते, ती पुस्तिकेतल्या चित्रावरून बघा.

बोल्ट परत लावताना आधी उलटा फिरवा. आटे एकमेकांत बसतात तेव्हा बारीक 'खट्' जाणवतं. तिथून सुलटा, नुसत्या बोटांनी, वायसर टेकेपर्यंत. दोन फेऱ्यांतच जड गेला तर तो वाकडा चढतोय. काढा, पुसा, पुन्हा सुरुवात करा. शेवटचा घट्टपणा तेवढा पान्याने.

आटे गेले हे कसं ओळखायचं

बोल्ट आवळताना घट्ट होत जाण्याऐवजी एकाच जडपणाने फिरत राहतो, किंवा घट्ट होता होता सैल पडतो. काढला तर त्याच्या आट्यांत अ‍ॅल्युमिनियमची चांदीसारखी बारीक तार अडकलेली दिसते. अशा बोल्टवर गाडी चालवू नका. इंजिनच्या थरथरीने तो रस्त्यात गळून पडला तर सगळं ऑइल एका दमात जातं.

बाजारात आटे स्वतःच कापत जाणारा थोडा जाड बोल्ट मिळतो. तो लावण्याचा मोह आवरा. त्याचा कीस चेंबरमध्ये पडतो, बोल्ट तिरपा जाऊ शकतो, आणि मग नीट दुरुस्तीसाठी जागाच उरत नाही. योग्य काम म्हणजे भोक मोठं करून त्यात पोलादी आट्यांची बाही बसवणं किंवा चेंबर बदलणं. बाही बसवताना ड्रिल सरळ धरणं आणि कीस बाहेर काढणं दोन्ही जमावं लागतं. गाडीखाली आडवं पडून पहिल्यांदाच करण्याचं हे काम नाही.

बोल्ट आणि फिल्टर दोन्ही कोरडे असतील तर

फिल्टरच्या जवळपास बहुतेक इंजिनांत ऑइल प्रेशर स्विच असतो. फिल्टरचा पाना त्याला लागून तडा जाऊ शकतो. त्याच्या वायरीच्या जोडातच ऑइल दिसलं तर स्विच बदलायचा. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या सांध्यातून थेंब पडत असेल तर मागचा क्रँक सील. बेल्टच्या बाजूला फवारल्यासारखं दिसत असेल तर पुढचा. वरून, टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) कडेने ओघळ येत असेल तर तिथलं गॅस्केट. स्विच सोडला तर यातलं काही सहसा ऑइल बदलल्यामुळे होत नाही, बहुधा आधीपासून असतं आणि आता तुम्ही पहिल्यांदा खाली वाकून बघितलेलं असतं.

इथे थांबा आणि मेकॅनिकला बोलवा

लाल किटली एकदा जरी चालू गाडीत पेटली असेल, किंवा सुरू केल्यावर पाचेक सेकंदांत विझत नसेल. थेंबांऐवजी धार असेल. बोल्टचे आटे गेले असतील, डोकं गोल झालं असेल किंवा बोल्ट तुटला असेल. चेंबरला तडा किंवा मोठा पोचा असेल. गिअरबॉक्सचं ऑइल निघाल्याची शंका असेल. इंजिनमधून टकटक किंवा खडखड ऐकू येत असेल. गळणारं ऑइल एक्झॉस्टवर पडून रोज धूर होत असेल. क्रँक सीलची गळती असेल. यापैकी एकातही गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, फक्त सीलची संथ गळती असेल तर लेव्हल बघून नेता येईल. मेकॅनिकला काय काय केलं ते खरं सांगा: किती ऑइल घातलं, कुठला फिल्टर, बोल्ट किती वेळा आवळला. त्याचा शोधण्यातला वेळ वाचतो.

गळती थांबल्यावर

इंजिन दोन मिनिटं जागेवर चालवा, बंद करा, दहा मिनिटांनी लेव्हल बघा. खालचं कव्हर लगेच लावू नका. एक रात्र पुठ्ठा ठेवा, कोरडा राहिला तरच लावा. साधारण ५० किलोमीटरनंतर एकदा आणि आठवड्याने एकदा डिपस्टिक आणि फिल्टरभोवतीची जागा बघा. बोल्टच्या डोक्यावर आणि चेंबरवर मिळून पेंटची एक रेघ ओढून ठेवली तर तो सैल झालाय का हे पुढच्या वेळी पान्याशिवाय नुसतं बघून कळतं.

काढलेलं जुनं ऑइल झाकणाच्या डब्यात भरून वापरलेलं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या. गटारात किंवा मातीत ओतू नका. जुना फिल्टर भोक खाली करून रात्रभर निथळू द्या आणि तोही त्याच डब्यासोबत द्या.